काँग्रेसचा मतदार गेला कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

यावेळच्या बहुतेक पत्रांत तोच जुना घोळ आहे: जागा गेल्या की मतदार गेले, जागा आल्या की मतदार परतले. म्हणून या खेपेला फक्त काँग्रेसबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : काँग्रेसचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा गेला, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?

नाही. एप्रिल २०२३ मध्ये दर्जा गेला तो राष्ट्रवादी, तृणमूल आणि भाकपचा.

प्रश्न : आजोबा म्हणतात त्यांनी बैलजोडीला मत दिलं, आई म्हणते गायवासराला, मी पंजाला. हे तीन पक्ष की एकच?

घराणं एकच, वाटण्या दोन. १९६९ ला पक्ष फुटला, बैलजोडी हे चिन्ह गोठवलं गेलं आणि इंदिरा गांधींच्या गटाला गायवासरू मिळालं. १९७८ ला पुन्हा फूट पडली, तेव्हा पंजा आला. आजोबांकडून प्रचाराच्या घोषणा उतरवून ठेवा, नंतर हळहळ नको.

प्रश्न : लोकसभेत २०१९ ला ५२ आणि २०२४ ला ९९ जागा. म्हणजे काँग्रेसचा मतदार जवळपास दुप्पट झाला ना? कट्ट्यावर पैज लागली आहे.

पैज हरलात. २०१९ ला मतं होती साडेएकोणीस टक्के, २०२४ ला एकवीसच्या किंचित वर. जागा दुपटीला टेकल्या आणि मतं वाढली पावणेदोन टक्के. तीही २०१९ ला ४२१ उमेदवार आणि २०२४ ला ३२८ उमेदवार उभे करून. उरलेल्या ठिकाणी मित्रपक्षाला मत देणारा काँग्रेसवाला या टक्क्यात दिसतच नाही. त्याला हिशेबात कुठे धरणार?

हे मी वर्षानुवर्षं सांगतो आहे, तरी निकालाच्या रात्री तेच ऐकू येतं. एकदा वहीत उतरवून घ्या. १९९९ : २८.३ टक्के मतं, ११४ जागा. २००४ : साडेसव्वीस टक्के मतं, १४५ जागा. २००९ : साडेअठ्ठावीस टक्के मतं, २०६ जागा. २००४ ला मतं घटली आणि सरकार आलं. १९९९ आणि २००९ ची मतं जवळपास सारखी, पण जागांत ९२ चा फरक. एवढे मतदार आले कुठून, असं विचारू नका. समोरची मतं किती ठिकाणी फुटली आणि आपली कुठे एकगठ्ठा पडली, ते विचारा.

आणि देशाची सरासरी घेऊन आपल्या तालुक्याचं भविष्य सांगू नका. १९७७ ला काँग्रेसला देशभरात ३४ टक्क्यांवर मतं होती. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य आणि त्याच निवडणुकीत आंध्रात ४२ पैकी ४१. यातला ‘काँग्रेसचा मतदार’ कोणता, सांगा बघू. बरं, नुसत्या जागा पाहून पक्षाचं श्राद्ध घालणारे १९८४ विसरतात. तेव्हा भाजपच्या जागा दोन होत्या, मतं मात्र सात टक्क्यांहून जास्त.

एवढं सांगूनही पटत नसेल तर निवडणूक आयोगाचे निकालाचे तक्ते उतरवून जवळच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला दाखवा. पैजेचे पैसे मात्र देऊन टाका.

प्रश्न : २०२४ च्या लोकसभेला राज्यात काँग्रेसचे १३ खासदार, नोव्हेंबरात विधानसभेला फक्त १६ आमदार. सहा महिन्यांत मतदार उलटला की मशीन?

काही मतदार नक्की गेला, ते झाकून उपयोग नाही. पण राज्यातलं मतदानही सुमारे ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेलं. लोकसभेला घरी बसलेले नोव्हेंबरात आले आणि ते पंजाकडे वळले नाहीत, तर जुना एकही माणूस न हलता टक्का घसरतो. यातलं किती ‘गेलं’ आणि किती ‘नव्याने आलं’, हे मतदारसंघागणिक पाहावं लागतं.

मशीनबद्दल हातात कागद असेल तर निवडणूक याचिका उच्च न्यायालयात होते आणि मुदत निकालापासून ४५ दिवसांची असते. मुदत टळून गेल्यावर पुराव्याची पाकिटं माझ्याकडे पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? पुढच्या वेळी निकालाच्या आठवड्यातच वकील गाठा.

प्रश्न : मी पालिकेला इच्छुक आहे. एक एजन्सी पंचवीस हजारांत ‘काँग्रेसची जातवार, बूथवार मतं’ देते म्हणते. घ्यावी का?

पंचवीस हजार ठेवा खिशात. मत गुप्त असतं, मशीन जात विचारत नाही. ते लोक यादीतली आडनावं पाहून जात ठरवतात आणि वर रंगीत नकाशा चिकटवतात. ज्याचं आडनाव ‘पाटील’, त्याची जात सांगून दाखवा म्हणावं.

बूथवार मतं हवीत तर ती ‘नमुना २०’ मध्ये असतात. विधानसभा-लोकसभेचा हा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. बऱ्याचदा वाकडा स्कॅन केलेला असतो, ३ आणि ८ यांत फरक कळत नाही. भिंग घ्या आणि प्रत्येक ओळीची बेरीज शेवटच्या रकान्याशी पडताळा. मुख्य म्हणजे २०१९ चा बूथ १४२ आणि २०२४ चा बूथ १४२ एकच समजू नका. मधे केंद्रं वाढतात, जोडली जातात, क्रमांक सरकतात. शाळेची उत्तरेकडची खोली दुसऱ्या गल्लीला जाते आणि आपण म्हणतो, ‘या वस्तीने पंजा सोडला!’ मागे अनेकांनी हीच चूक केली होती, आणि त्यात मीही होतो. आधी दोन्ही वर्षांच्या याद्यांतून त्या बूथच्या गल्ल्या जुळवा. जमत नसेल तर तहसीलच्या निवडणूक शाखेत जाऊन विचारा.

प्रश्न : पंजावर निवडून आलेला आमचा नगरसेवक दुसऱ्या पक्षात गेला. आम्ही मतदार काही करू शकतो का?

स्थानिक संस्थांसाठी राज्याचा अपात्रतेचा वेगळा कायदा आहे, १९८६ चा. तो नुसता स्टेजवर गेला, राजीनामा दिला की व्हिप (पक्षाचा आदेश) मोडला, यावर सगळं अवलंबून. कात्रणं आणि तारखा घेऊन वकिलाकडे जा, फेसबुकवर जाऊ नका.

प्रश्न : तीन पिढ्या काँग्रेसला मत देतोय. यावेळी यादीत नावच नव्हतं. आता काय?

झालेल्या मतदानाचं आता काही होत नाही. आजच नमुना ६ (नाव नोंदणीचा अर्ज) भरा आणि तुमच्या भागाच्या बीएलओला, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला भेटा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव चढत नाही, तेव्हा प्रचाराचे भोंगे वाजेपर्यंत थांबू नका.