ते शिष्ट नाहीत

प्रश्न : माझे यजमान हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. कोणत्या बाकावर कोण बसतं हे त्यांना पाठ असतं, पण तोच मुलगा बाजारात समोर आला तर ते सरळ पुढे निघून जातात. दिवाळीत त्यांचे सख्खे मावसभाऊ एसटी स्टँडवर भेटले, यांनी ओळखच दाखवली नाही. आता नात्यात ‘सर फार शिष्ट’ असं बोललं जातं. डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर बरोबर आहे. त्यांना हा त्रास पहिल्यापासूनच आहे. मला मात्र गर्दीतही माणूस क्षणात ओळखू येतो, नाव तेवढं आठवत नाही. चेहरा ओळखायला मेंदूला असा किती वेळ लागतो? आणि यांनाच का जमत नाही?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचा हा ‘क्षण’ मोजता येतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी पडद्यावर एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला वाहन अशी चित्रं एकदम दाखवली. चेहऱ्याकडे वळणाऱ्या सर्वांत चपळ नजरा सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात निघाल्या! डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढला, तर चेहरा दिसल्यापासून साधारण १७० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर उमटते. खुर्ची किंवा मोटार पाहताना ती बरीच लहान असते.

पण समोर चेहरा आहे एवढंच तोवर कळलेलं असतं. तो ओळखीचा की परका, हा फरक लहरींत नीट दिसायला पाव सेकंद तरी जातो. मग हा माणूस कोण, कुठे भेटला होता, हे आठवतं आणि नाव सगळ्यांत शेवटी येतं. लग्नात समोरच्या बाई आपल्या जुन्या शेजारीण हे पक्कं कळतं आणि नाव जिभेवर येत नाही, ते यामुळेच. त्याची काळजी करू नका.

इतकं झटपट जमतं, कारण मेंदू नाक, डोळे, ओठ असं एकेक तपासत बसत नाही. सगळा चेहरा एकदम घेतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, तेव्हा बॅचमधल्याच मुलांचे फोटो पडद्यावर उलटे लावायचे. रोज डबा वाटून खाणारी मुलं एकमेकांना ओळखताना अडखळायची. संशोधक रॉबर्ट यिन यांनी १९६९ साली हेच दाखवलं होतं : चित्र उलटं केलं की घरं, विमानं ओळखणंही थोडं अवघड होतं, पण चेहऱ्यांइतकं नाही. मेंदूसंशोधक नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एफएमआरआयच्या (मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या तपासणीच्या) मदतीने मेंदूच्या खालच्या अंगाला, बहुतेकांत उजवीकडे अधिक, चेहरे पाहताना विशेष जागा होणारा एक छोटा भाग दाखवून दिला.

आता सरांविषयी. पत्रावरून निदान करू नये आणि मी करत नाही. पण बाकावरून मुलं ओळखणं आणि बाक नसेल तिथे चुकणं, हे वर्णन प्रोसोपॅग्नोशियाशी, म्हणजे चेहरे ओळखता न येण्याच्या अडचणीशी, फार जुळतं. हे नाव जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ साली दिलं, डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना तपासून. पुढे कळलं की कसलीही इजा नसताना जन्मापासूनच ही अडचण असलेली माणसं पुष्कळ आहेत; शंभरात दोनेक असा अंदाज केला जातो. नजर चांगली, बुद्धी चांगली, चेहरा दिसतोही स्वच्छ, पण तो कोणाचा हे लागत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांना ही अडचण होती. एकदा एका दाढीवाल्या माणसाला धक्का लागेल म्हणून त्यांनी माफी मागितली, तर तो आरसा निघाला. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल यांनाही ती होती.

अशा माणसांना आपण शिष्ट म्हणतो, माजलेत म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. पाय अधू असलेल्याला कोणी ‘पळत का नाहीस’ असं विचारत नाही. सरांनी आयुष्यभर आवाज, चाल, केसांचा भांग, बसायची जागा यांवर सगळं निभावलं असणार, आणि त्यात किती शक्ती जाते हे घरच्यांनाही कळलेलं नसेल.

यावर औषध नाही. तरी एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. चेहरे ओळखण्याच्या चाचण्या असतात. हा त्रास कोणाला अचानक सुरू झाला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला हवं. तो पक्षाघात असू शकतो. बाकी उपाय घरातलाच आहे. मावसभावांना मोकळेपणाने सांगा, आणि भेटल्यावर आधी स्वतःचं नाव घ्यायची विनंती करा : ‘अरे, मी अमुक.’ समारंभात तुम्ही शेजारी राहा आणि कोण येतंय ते हळूच सांगत जा.

आणखी एक. हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. मालिका बघताना ‘ही मघाचीच का?’ असं सासरी कोणी सारखं विचारतं का? मुलांपैकी कोणी? पाहून मला जरूर कळवा.