नायगारा दुसऱ्यांदा पाहताना

प्रिय बाळा,

घरच्यांना घेऊन पुन्हा नायगाऱ्याला जायचं ठरलंय हे वाचून आनंद झाला. पण ‘तो तर पाहून झालाय’ असं तू लिहिलंस ते मला पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

पहिल्या खेपेला आपण फक्त पाणी पाहतो. साहजिकच आहे. तो आवाज, अंगावर येणारे तुषार, बोटीतला निळा रेनकोट, फोटोंची घाई. त्या गडबडीत दुसरं काही सुचतच नाही. या वेळी खडक पाहा. वरचा थर कठीण डोलोमाइटचा, खालचा मऊ शेलचा. खालचा थर झिजून आत जातो, वरचा आधाराविना पुढे लोंबत राहतो आणि कधीतरी कोसळतो. असं होत होत धबधबा गेल्या साधारण १२,५०० वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे सरकला आहे. ज्या खोल घळीतून बोट जाते, ती त्यानेच मागे टाकलेली वाट.

नायगारा म्हणजे एक नव्हे, अनेक धबधबे; त्यातल्या अमेरिकेच्या बाजूच्या अमेरिकन फॉल्सच्या पायथ्याशी दगडांचा प्रचंड ढीग दिसेल. पहिल्या वेळच्या फोटोंतही असेल, काढून बघ. १९५४ मध्ये त्याच्या शेजारच्या प्रॉस्पेक्ट पॉइंट या कड्याचा मोठा भाग ढासळला तेव्हा त्यात भर पडली. हा ढीग हलवावा का, हे तपासायला १९६९ मध्ये जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वर बांध घालून तो धबधबा चक्क कोरडा केला होता! शेवटी दगड होते तिथेच राहू द्यायचं ठरलं. मला तो निर्णय मनापासून आवडतो. धबधबा म्हणजे पडझडही आलीच. ती आवरून घेतली असती तर उरली असती ती नुसती शोभा.

आता पाण्याकडे येतो, आणि इथे माझा आग्रहच आहे. नदीचं सगळं पाणी धबधब्यावरून जात नाही; बरंचसं वीजनिर्मितीसाठी वरच्या अंगालाच वळवतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान सुमारे २,८०० घनमीटर पाणी धबधब्यावर सोडावं लागतं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं सोडलं तरी चालतं. करारातला ‘दिवस’ सकाळी आठला सुरू होतो. तेव्हा एका सकाळी सातच्या आत धबधब्यांच्या मधल्या गोट आयलंड या बेटावरच्या टेरापिन पॉइंटला पोच. हॉर्सशू या सर्वांत मोठ्या धबधब्याचा काठ तिथून अगदी जवळ आहे. काठालगतचा एखादा उघडा दगड हेरून ठेव आणि आठपर्यंत पाणी त्याच्याभोवती कसं चढतं ते बघत राहा. कडेवरून वळताना पाणी अखंड, जाड, हिरवं असतं. तो रंग विरघळलेल्या क्षारांचा आणि खडकाच्या बारीक भुकटीचा. मग एका क्षणात ते फुटून पांढरं होतं. नेमकं कुठे फुटतं, ते शोध. तासभर सहज जाईल.

तिथूनच थ्री सिस्टर्स बेटांवर चालत जाता येतं. बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत, कारण तिथून धबधबा समोर दिसत नाही. पण पुढे कडा आहे याची काहीच कल्पना नसल्यासारखं पाणी जवळजवळ पायाच्या पातळीवरून धावत असतं. माझ्या मते सबंध नायगाऱ्यात याहून थरारक जागा नाही. कठड्यापलीकडे मात्र एक पाऊलही टाकू नकोस, कुणाला टाकू देऊ नकोस.

राहिले घरचे. त्यांची ही पहिली खेप आहे, ती त्यांची त्यांना मिळू दे. ‘मागच्या वेळी आम्ही…’ हे शब्द तोंडून काढू नकोस, उत्तम फोटो कुठून येतो तेही विचारल्याशिवाय सांगू नकोस. आधी त्यांना बोटीतून नेऊन आण; खडक, करार, आकडे सगळं नंतर, जेवताना. आणि सकाळच्या बेतात कुणाला ओढू नकोस. ज्याला यायचं असेल तो उठेल.

तारखा नक्की झाल्या की कळव. आठ वाजताचा हिशोब १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबरपुरताच आहे. तुमची सहल त्याबाहेर पडत असेल, तर सकाळचा बेत आपण वेगळा आखू.

तुझा,
काका