पहिला आकडा किती पक्का मानावा?

प्रश्न : परळमधील आमच्या बिगरशेती सहकारी पतसंस्थेला सभासदांची खाती, कर्जे आणि पिग्मी ठेवी यांसाठी नवे सॉफ्टवेअर करून घ्यायचे आहे. गरजांचे दोन पानी टिपण पाठवून आम्ही तिघांकडून दरपत्रके मागवली. एकाने 6 लाख सांगितले, दुसऱ्याने 17 लाख, तर तिसऱ्याने आधी अभ्यास करण्याचे वेगळे शुल्क मागितले. वार्षिक सभेपुढे कोणता आकडा ठेवावा?
– मानद सचिव, परळ

उत्तर : दरांत एवढी तफावत आहे म्हणून कोणाच्या हेतूबद्दल शंका घेऊ नये, कारण दोन पानांच्या टिपणावरून हे दोन्ही आकडे प्रामाणिकपणे निघू शकतात. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे शास्त्र मांडणाऱ्या बॅरी बोहम यांनी 1981 मध्येच दाखवून दिले होते की, काम नुसते कल्पनेत असताना प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या चौपटही होऊ शकतो आणि पाव हिश्श्यावरही येऊ शकतो. गरजा तपशीलवार लिहून निश्चित झाल्या की हीच शक्यता साधारण दीडपट ते दोन तृतीयांश एवढ्यात येते. मात्र नुसते दिवस गेल्याने ती आक्रसत नाही, त्यासाठी निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांतले बरेचसे तुमच्या संचालक मंडळानेच घ्यायचे असतात.

तुमच्या टिपणात 'कर्जावरील व्याज आकारणी' एवढी एकच ओळ आहे असे समजू. व्याज घटत्या शिलकेवर की सरसकट, हप्ता महिन्याच्या मध्यावर भरला तर किती दिवसांचे धरायचे, थकबाकीवरील दंडव्याज केव्हापासून लावायचे, सभेने मध्येच दर बदलला तर चालू कर्जांचे काय करायचे आणि 31 मार्चला लेखापरीक्षकांना येणे व्याज कोणत्या नमुन्यात दाखवायचे, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरागणिक काम वाढते. 6 लाख सांगणाऱ्याने बहुधा सर्वांत सोपी उत्तरे गृहीत धरली असावीत आणि 17 लाखवाल्याने अवघड. जुन्या नोंदींचेही तसेच आहे. सभासदांची नावे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील तर ती युनिकोडमध्ये आणून खतावणीशी एकेक ताडून पाहावी लागतात, आणि माझ्या मते पतसंस्थांच्या कामात सर्वांत कमी लेखला जाणारा खर्च हाच आहे. पिग्मी एजंटच्या यंत्राशी जोडणी आणि सभासदांना जाणारे एसएमएस (त्यासाठी संस्थेची व मजकुराच्या नमुन्यांची दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदणी करावी लागते) हे टिपणात आहे का, तेही पाहावे.

आकडा कसा काढला, हे तिघांनाही लेखी विचारा. आयबीएममधील अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी 1979 मध्ये मांडलेल्या 'फंक्शन पॉइंट' पद्धतीत माहिती भरण्याचे प्रकार, निघणारे अहवाल, विचारणा, साठवलेल्या नोंदींचे गट आणि बाहेरच्या प्रणालींशी जोडण्या मोजून कामाचा आकार ठरवतात. एवढी काटेकोर मोजणी कोणी केली नसली तरी चालेल. परंतु स्क्रीन किती, अहवाल किती आणि काय गृहीत धरले, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या आकड्याला आधार नाही असेच समजावे. 17 लाखांची घासाघीस करून तो 10 लाखांवर आला, म्हणून काम तेवढे कमी झालेले नसते. उरलेली रक्कम पुढे 'वाढीव काम' या नावाखाली मागितली जाते, आणि तोवर जुने सॉफ्टवेअर बंद झालेले असल्याने संस्थेला नाही म्हणता येत नाही.

म्हणून वार्षिक सभेपुढे एक आकडा न ठेवता, गृहीतकांसह किमान व कमाल रक्कम ठेवावी आणि सध्या फक्त अभ्यासाच्या शुल्काला मंजुरी घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. दोन्ही रकमांत 18 टक्के जीएसटी आणि वार्षिक देखभाल धरली आहे का, हे तपासून घ्यावे. तिसऱ्याकडून अभ्यास करून घेताना त्याचा अहवाल संस्थेच्या मालकीचा राहील आणि तो दाखवून इतरांकडूनही दर मागवता येतील, ही अट करारात लेखी घालावी. तोच अहवाल हाती देऊन पहिल्या दोघांकडून पुन्हा दर मागवल्यास 6 आणि 17 यांमधले अंतर पुष्कळ कमी होईल. जे उरेल त्याचे कारण ज्याला त्याला बैठकीत बोलावून विचारता येईल.