न्यूरोमध्ये एमपीटी सुरू करताना
नेरुळला न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या) फिजिओथेरपीत एमपीटीला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळाला, मनापासून अभिनंदन! दोन वर्षं भराभर जातात, म्हणून प्रबंधाचा विषय लवकर नक्की कर. बाकीची कागदपत्रं होत राहतात.

खरा वेळ पेशंटजवळ घालव. अर्धांगवायूचा पेशंट आला की आधी त्याचा खांदा बघ. सुरुवातीला स्नायू ढिले असतात, सांधा खाली सरकू शकतो, आणि घरचे उठवताना नेमका तोच हात ओढतात. उशी कुठे ठेवायची, कुठे धरून उठवायचं, हे त्यांना पहिल्याच दिवशी करून दाखव. आणि त्यांच्याकडून करूनही घे. माझ्या मते कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तोल तपासणाऱ्या बर्ग स्केलचे 14 भाग, 56 गुण तुला पाठ होतीलच. पण चांगले गुण मिळवलेले काका घणसोलीच्या घरात भारतीय संडासात बसून उठू शकतात का, ते त्यात कळत नाही. ते विचारायचंच.

बोलणं अडखळणाऱ्या पेशंटचं वाक्य तू पूर्ण करू नकोस, थांब. आणि जड पेशंटला एकटीने उचलायला जाऊ नकोस गं. वॉर्डातल्या मावशींना हाक मार.