तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : किंमत विचारायच्या आधी म्हैस बघा

प्रश्न : साहेब नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला, घरी दोन म्हशी आहेत अजून दोन घ्यायच्यात. आमचे आबा लांबूनच बघून म्हणायचे हाई लई ले (ही घेऊन टाक), आणि ती बरोबर दूध द्यायची. आता ते नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ खूप बघितले पण बाजारात गेलो की सगळ्या म्हशी सारख्याच दिसतात आणि दलाल बोलायला लागला की डोकंच चालत नाही. पारख शिकता येते का, की अंगातच असावी लागते?

उत्तर : भाऊ, शिकता येते, आबापण शिकूनच आले होते, फक्त त्यांना कुणी शिकवतंय असं कधी वाटलं नसेल.

पहिले दोन-तीन बाजार खिशात पैसे न घेता करा. सावदा घ्या, वरखेडी घ्या, जे जवळ पडेल ते. एका रांगेतल्या चार म्हशी निवडा, किंमत विचारायची नाही, मनात एक ते चार नंबर लावा आणि सोबतच्या मित्राला तोंडाने सांगा की एक नंबरची दोनच्या वर का. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या पोरांच्या अशाच स्पर्धा होतात, चार जनावरं उभी करतात, क्रम लावायला लावतात आणि मग परीक्षकासमोर कारणं बोलायला लावतात. नुसतं "चांगली आहे" चालत नाही, "हिची कास मागून रुंद आणि वर जोडलेली, तिची पुढे लोंबते" असं बोलावं लागतं. कारण सांगता आलं नाही म्हणजे तुम्ही म्हैस बघितलीच नाही, तिचं तेल लावलेलं अंग बघितलं.

आधी दहा पावलं लांब उभे राहा. बाजूने बघितलं तर पुढून निमुळती आणि मागे पोटाला खोल दिसली पाहिजे, मागून बघितलं तर दोन पायांत कासेला जागा पाहिजे. मग कासरा धरून चालवायला लावा, बांधलेल्या जनावराचं लंगडणं कळत नाही.

आता कास, इथे घाई करू नका. बाजारात कास तट्ट फुगलेली, चकाकती दिसली की लोक खूश होतात, मी म्हणतो तिथेच सावध व्हा, कारण एक-दोन वेळची धार मुद्दाम तुंबवून आणतात. आपल्यासमोर पूर्ण पिळायला लावा. दूध निघाल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतली पाहिजे, तशीच टणक राहिली तर एकतर मांसल आहे नाहीतर जुनी दगडी (कासेची सूज) आहे. चारही सडांची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या, गुठळी किंवा पाणी लगेच दिसतं. पोटाखालून कासेकडे येणारी शीर जाड आणि नागमोडी असली तर चांगलं. आणि खरं दूध मोजायचं तर एकदा पूर्ण रिकामी करून बारा तासांनी मोजा, तेवढं थांबायला विकणारा तयार नसेल तर पुढच्या म्हशीकडे चला. पारडू तिचंच आहे का तेपण बघा, दुसरीचं खाली लावून ताजी व्यायलेली म्हणून खपवतात, ती हुंगते की ढकलते यावरून अंदाज येतो.

वय दातावर. वर पुढचे दात नसतातच, खाली आठ. म्हशीला पहिली पक्की जोडी साधारण अडीच-तीन वर्षांत येते, पुढे वर्षाला एक जोडी धरा, म्हणजे पाच-सहाला आठही पक्के दात येऊन जुळते, त्यानंतर नुसती झीज बघायची. शिंगाच्या वळ्यांवर जाऊ नका, त्या घासून गुळगुळीत करतात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर तेवढा लिहून घ्या. गाय किंवा बैल घेत असाल तर कातडीवर गाठींचे व्रण बघा, २०२२ च्या लम्पीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद आपल्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलची होती. गाभण सांगितली तर पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, त्यात तुमची-माझी नजर काही कामाची नाही.

दलालाचं म्हणाल तर तो रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला लागेपर्यंत त्याच्याशी बोलूच नका, तुमचे नंबर लावून झाल्यावर बोला.

प्रश्न : आमच्याकडे साक्रीला बोकड अंदाजाने विकतात, काटा नसताना वजन कसं काढायचं?

उत्तर : शिंप्याचा टेप घ्या ताई. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो येतात. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर ३१ किलोच्या आसपास. बोकड चारी पायांवर सरळ उभा पाहिजे आणि टेप ना ढिला ना आवळलेला, कारण घेरात दोन इंच चुकले तर चार-पाच किलोचा फरक पडतो. गिऱ्हाईक स्वतःचा टेप काढत असेल तर काढू द्या, पण धरा तुम्ही.