तापवलेला रक्तद्रव पुन्हा कसा सजीव झाला?

प्रश्न : रक्तातील प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने, अँटिबॉडीज) जंतूंना एकटीच मारतात का? हे प्रथम कसे कळले? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही, त्यांना जोडीदार लागतो. १८९४ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी, पटकीची (कॉलराची) लस आधीच टोचलेल्या गिनीपिगच्या उदरपोकळीत पटकीचे जंतू सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने बारीक काचनळीने तेथील द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा वळवळणारे, स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू आधी निश्चल झाले, मग फुगून गोल कणांसारखे दिसू लागले आणि शेवटी विरघळून गेले.

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बेल्जियन शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांनी हीच क्रिया परीक्षानळीत घडवली. लस टोचलेल्या प्राण्याचा रक्तद्रव (रक्त गोठल्यावर उरणारा स्वच्छ द्रव, सीरम) सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याची मारकशक्ती नाहीशी होई. मात्र त्यात लस न टोचलेल्या प्राण्याचा ताजा रक्तद्रव किंचित मिसळला की ती परत येई, आणि हा ताजा द्रव स्वतः तर जवळजवळ निष्प्रभ असे! मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो, कारण केवळ उष्णतेच्या साहाय्याने त्यांनी दोन घटक वेगळे ओळखले : ठरावीक जंतूलाच चिकटणारे, उष्णता सोसणारे प्रतिपिंड, आणि सर्वांच्याच रक्तात असणारा नाजूक ‘पूरक’ घटक. बोर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.