विद्यार्थी प्रतिनिधी: खुर्ची मिळाली, पुढे काय?

प्रश्न: विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात. विद्यापीठाच्या दूरगामी निर्णयांत त्यांना मत कशाला?

विद्यार्थी जातो, पण त्याच्या जागी दुसरा येतो आणि शुल्कवाढ किंवा बदललेली परीक्षापद्धत त्याच्याही वाट्याला येते. कारभारात मत मिळावं ही मागणी काही आजची नाही. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याला विद्यार्थ्यांचे संघच विद्यापीठ चालवत. तासाला उशीर करणाऱ्या अध्यापकाला दंड होई. (तेवढं आज कुणी मागत नाही!) १९१८ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी कारभारात वाटा मागितला आणि ते लोण लॅटिन अमेरिकेत पसरलं.

प्रश्न: मग सगळ्याच विषयांत मताधिकार द्यावा का?

नाही. शुल्क, वसतिगृह, वेळापत्रक, तक्रार निवारण इथे पूर्ण मत हवं. अभ्यासक्रमातही मत असावं, पण अल्पमतात. एखाद्याचे गुण किंवा प्राध्यापकाची निवड ठरते तिथे मत नको. उमेदवाराच्या शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय निवड समितीपुढे आला तर पुरे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९७३ मध्ये साधारण अशीच रेघ आखली: विद्यापीठाच्या मंडळांवर विद्यार्थी बसू शकतात, पण अध्यापनाच्या प्रश्नांत निम्मी मतं प्राध्यापकांची हवीत आणि संशोधन व नेमणुकांत त्यांचाच शब्द निर्णायक हवा.

प्रश्न: मी विद्यापरिषदेवर (अभ्यासक्रम, परीक्षा असे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळावर) प्रतिनिधी आहे. वर्ष संपत आलं, एकही विषय मांडता आला नाही. कुठे चुकतंय?

बहुधा तुम्ही बैठकीत बोलायची वाट पाहताय. तोवर विषय उपसमितीत शिजून आलेला असतो. बैठकीत फक्त वाढप होते.

आधी परिनियम, म्हणजे विद्यापीठाच्या कारभाराचे लेखी नियम, वाचा: विषय किती दिवस आधी, कोणाकडे द्यायचा, अनुमोदक (ठरावाला पाठिंबा देणारा दुसरा सदस्य) लागतो का. मग एका पानाचं टिपण लिहा. त्यात अडचण, ती किती विद्यार्थ्यांना भोवते, उपाय, त्याचा खर्च आणि शेवटी ठरावाचा नेमका मसुदा. 'ग्रंथालयाची वेळ वाढवावी' यावर चर्चा होते नि विरून जाते. 'परीक्षेआधीचे ३० दिवस ग्रंथालय रात्री ११ पर्यंत उघडे ठेवावे' यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. अनुमोदनासाठी एखाद्या अध्यापक सदस्याला आधीच गाठा.

कार्यसूचीत सर्वांत तळाशी असलेल्या 'ऐनवेळच्या विषयां'वर डोळा ठेवा. अडचणीचे प्रस्ताव तिथून, सगळे घड्याळाकडे बघत असताना, मंजूर होतात. कागद आधी मिळाले नसतील तर विषय पुढच्या बैठकीत घ्यावा अशी सूचना मांडा. फेटाळली, तर आपला विरोध इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, लिहायला सांगा. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होताना ती नोंद खरंच आहे का, हे तपासा. ती गळली असेल तर दुरुस्ती तेव्हाच सुचवायची.

प्रश्न: प्रतिनिधी एक असावा की दोन?

दोन, आणि मुदती एकमेकींवर चढणाऱ्या, म्हणजे एकाची संपण्याआधी दुसऱ्याची सुरू झालेली. एकट्याला परिनियम कळेपर्यंत त्याचं वर्ष सरतं आणि नवा पुन्हा शून्यापासून सुरू करतो. जुन्याने जाताना प्रलंबित ठरावांची यादी, इतिवृत्तं आणि कोणतं काम कोणत्या टेबलावर अडलंय याची टिपणं असलेली फाइल नव्याच्या हाती द्यावी. बैठका परीक्षेच्या दिवशी लागणार नाहीत, एवढं मात्र सचिवांकडून सत्राच्या सुरुवातीलाच लेखी घ्या.